आरडीएस पोस्टग्रेसचा खासगी आयपी बदलायचा आहे, व्हीपीसी तोच ठेवून

प्रश्न: विदागार_पुणे

एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) मुंबई रीजनमध्ये आरडीएसवर (तिथली डेटाबेस सेवा) पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. मल्टी-एझेड (दुसऱ्या झोनमध्ये राखीव नक्कल ठेवणं) चालू, एक स्टँडबाय (ती राखीव नक्कल). व्हीपीसी (क्लाउडमधलं आमचं खासगी नेटवर्क) १०.२०.०.०/१६. डेटाबेसच्या सबनेट ग्रुपमध्ये दोन सबनेट आहेत: झोन १ए मध्ये १०.२०.१.०/२४ आणि १बी मध्ये १०.२०.२.०/२४. दोन्हींच्या राउट टेबलमध्ये इंटरनेट गेटवे आहे, म्हणजे दोन्ही पब्लिक. ‘पब्लिकली ॲक्सेसिबल’ हा फ्लॅगही चालू आहे. ऑडिटचा शेरा आहे की डेटाबेस खासगी सबनेटमध्ये हलवा. त्यासाठी १०.२०.४८.० पासून पुढचा पट्टा राखून ठेवला आहे.

नवीन सबनेट ग्रुप करून मॉडिफायमध्ये निवडला, तर एरर येते की हा ग्रुप आणि डेटाबेस एकाच व्हीपीसीत आहेत, वेगळ्या व्हीपीसीतला ग्रुप निवडा. व्हीपीसी बदलायचा नाही.

दुसरी अडचण. एका ग्राहकाचं रिपोर्टिंग साइट-टू-साइट व्हीपीएनवरून थेट १०.२०.१.३७ या आयपीला, ५४३२ पोर्टवर जोडलं जातं. त्यांच्या फायरवॉलमध्येही हाच एक आयपी उघडलेला आहे. आयपी बदलणारच असेल तर निदान नवा आयपी आपल्याला हवा तो देता येतो का? आणि बंद वेळ किती धरावी?

उत्तर: डीबीए_ठाणे

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकीचं त्यावरच ठरतं. आरडीएसला आयपी नेमून देता येत नाही. सबनेट ग्रुपमधल्या सबनेटमधून जो मोकळा असेल तो आरडीएस उचलतं. फेलओव्हर (स्टँडबायने मुख्य डेटाबेसची जागा घेणं) झाला की एंडपॉइंटचं नाव (ज्या नावाने डेटाबेसला जोडतात ते) दुसऱ्या झोनमधल्या आयपीकडे वळतं. हार्डवेअर बिघडून होस्ट बदलला तरी आयपी बदलू शकतो. त्यामुळे १०.२०.१.३७ हा पत्ता आजही तुमच्या हातात नाही. आज रात्री स्वतःहून फेलओव्हर झाला तर ग्राहकाचं रिपोर्टिंग बंद पडेल, कारण १०.२०.२.० च्या पट्ट्यातला आयपी त्यांच्या फायरवॉलमध्ये उघडलेलाच नाही. तो दोष या कामाच्या निमित्ताने काढून टाका.

आता हलवण्याबद्दल. एकाच व्हीपीसीत ग्रुप बदलता येत नाही, पण आहे त्याच ग्रुपच्या आतली सबनेट बदलता येतात. अट दोन गोष्टींची: ग्रुपमध्ये कायम किमान दोन झोनची सबनेट हवीत, आणि ज्या सबनेटमध्ये डेटाबेसचा नेटवर्क इंटरफेस बसलेला आहे ते काढता येत नाही. मल्टी-एझेड चालू असताना तुमची दोन्ही सबनेट वापरात असतात, म्हणून काहीच हलत नाही. ते बंद केलं की स्टँडबाय जातो आणि एक सबनेट मोकळं होतं. सगळी युक्ती एवढीच आहे.

सबनेट आखताना /२४ ची गरज नाही. १०.२०.४८.०/२७, १०.२०.४८.३२/२७ आणि १०.२०.४८.६४/२७ अशी तीन झोनला तीन करा. प्रत्येक सबनेटमधले पहिले चार आणि शेवटचा एक असे पाच पत्ते एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं, म्हणजे ३२ पैकी २७ उरतात. एक डेटाबेस, दोनेक रीड रेप्लिका (फक्त वाचायच्या नकला) आणि होस्ट बदलताना लागणारा जादा पत्ता यांना ते भरपूर आहेत. मोठा फायदा म्हणजे तिन्ही सबनेट १०.२०.४८.०/२५ या एका ओळीत मावतात आणि फायरवॉलवाल्यांना एकच नियम सांगता येतो.

क्रम असा. समजा प्रायमरी (मुख्य डेटाबेस) आत्ता १ए मध्ये आहे (कन्सोलवर खात्री करा, १बी मध्ये असेल तर खाली अदलाबदल करून वाचा):

१. हाताने स्नॅपशॉट घ्या. मग मल्टी-एझेड बंद करा. ‘लगेच लागू करा’ ही खूण विसरलात तर बदल मेंटेनन्स विंडोपर्यंत पडून राहतो.

२. सबनेट ग्रुपमधून जुनं १बी काढा आणि नवं १बी घाला. ग्रुपमध्ये आता जुनं १ए आणि नवं १बी, एवढंच. कमांड लाइनवरून करत असाल तर सबनेटची पूर्ण यादी द्यावी लागते. दिलेली यादी जुन्या यादीची जागा घेते, तिच्यात भर पडत नाही.

३. मल्टी-एझेड परत चालू करा. मोकळा झोन एकच असल्यामुळे स्टँडबाय नव्या १बी मध्येच तयार होतो.

४. ‘फेलओव्हरसह रीबूट’ द्या. प्रायमरी नव्या १बी मध्ये येतो.

५. मल्टी-एझेड पुन्हा बंद करा, जुनं १ए काढा, नवं १ए घाला (१सी सुद्धा इथेच घालून ठेवा), आणि मल्टी-एझेड शेवटचं चालू करा.

एंडपॉइंटचं नाव शेवटपर्यंत तेच राहतं. बंद वेळ फक्त चौथ्या पायरीला: फेलओव्हरला साधारण ६० ते १२० सेकंद लागतात. मोठा व्यवहार अर्धवट असेल तर रिकव्हरीमुळे जास्त. मल्टी-एझेड चालू-बंद करताना डेटाबेस बंद होत नाही, पण दोन टप्प्यांत तुम्ही स्टँडबायशिवाय असता. हे टप्पे बॅकअप विंडोच्या बाहेर ठेवा, कारण सिंगल-एझेडमध्ये बॅकअप घेताना आय-ओ थोडा वेळ थांबतं.

जिथे गोष्टी अडतात ते आता सांगतो.

एकाच झोनचं जुनं आणि नवं सबनेट एकाच वेळी ग्रुपमध्ये ठेवू नका. आरडीएस त्यातलं कुठलंही निवडेल आणि मग सगळा फेरा पुन्हा घालावा लागेल.

मल्टी-एझेड बंद झाल्यावर लगेच सबनेट काढायला गेलात तर ‘वापरात आहे’ असं उत्तर येऊ शकतं. ईसी२ च्या (एडब्ल्यूएसची सर्व्हर सेवा) नेटवर्क इंटरफेसच्या यादीत त्या सबनेटवर गाळणी लावा. आरडीएसचे इंटरफेस वर्णनाच्या रकान्यात ‘आरडीएसनेटवर्कइंटरफेस’ असं एकसलग लिहिलेलं असल्यामुळे ओळखू येतात. स्टँडबायचा इंटरफेस तिथून गेला की काढा. तो जातच नसेल तर बहुधा त्याच ग्रुपवर दुसरा डेटाबेस किंवा रीड रेप्लिका बसलेली असते. ग्रुप सामायिक असेल तर त्यातल्या प्रत्येक इन्स्टन्सचा हिशेब आधी करा. रीड रेप्लिका काम झाल्यावर नव्याने उभी करणं सोपं पडतं.

तिसऱ्या पायरीत घाई करू नका. स्टँडबायचा डिस्क प्रायमरीच्या स्नॅपशॉटमधून तयार होतो आणि त्यातले ब्लॉक पार्श्वभूमीवर हळूहळू भरत राहतात. स्टेटस ‘उपलब्ध’ झालं म्हणून लगेच फेलओव्हर दिला, तर नव्या प्रायमरीवर पहिल्यांदा वाचला जाणारा प्रत्येक ब्लॉक सावकाश येतो आणि ॲप्लिकेशन रांगेत अडकतं. मोठ्या टेबलांचा डेटाबेस असेल तर मध्ये एक पूर्ण रात्र जाऊ द्या. फेलओव्हरनंतर सर्वात वापरातल्या टेबलांवर आणि त्यांच्या इंडेक्सवर पीजी-प्रीवॉर्म (पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन) ‘रीड’ मोडमध्ये चालवा. तो ब्लॉक डिस्कवरून वाचतो, पण शेअर्ड बफर (पोस्टग्रेसची मेमरीतली कॅश) भरून टाकत नाही.

लॉजिकल रेप्लिकेशनचे स्लॉट (दुसरीकडे बदल कुठवर पाठवले याची नोंद) असतील तर काळजी नको. मल्टी-एझेड इन्स्टन्समध्ये नक्कल स्टोरेजच्या पातळीवर होते, त्यामुळे स्लॉट फेलओव्हरबरोबर येतात.

उत्तर: राउटिंगटेबल

क्रम बरोबर आहे. नेटवर्कची बाजू जोडतो, कारण डेटाबेस नीट हलूनही ‘कनेक्शन टाइमआउट’ येतं ते बहुतेक इथूनच.

सिक्युरिटी ग्रुप (डेटाबेसची फायरवॉल) डेटाबेसबरोबर जातो, पण राउट टेबल आणि नेटवर्क एसीएल (सबनेटची फायरवॉल) या दोन गोष्टी सबनेटच्या असतात, त्या जात नाहीत. नवं सबनेट केलं की ते आपोआप व्हीपीसीच्या मुख्य राउट टेबलला चिकटतं. त्यात व्हीपीएनकडे परत जाणारी वाट नसेल तर ग्राहकाचं पॅकेट डेटाबेसपर्यंत पोचतं, उत्तर मात्र परत जात नाही. तिन्ही नव्या सबनेटला इंटरनेट गेटवे नसलेलं स्वतंत्र राउट टेबल लावा आणि त्यात ग्राहकाच्या नेटवर्कची वाट व्हर्च्युअल प्रायव्हेट गेटवेकडे दाखवा, किंवा गेटवेचं राउट प्रोपगेशन चालू करा. एसीएल कडक असेल तर आत येताना ५४३२ आणि बाहेर जाताना १०२४ ते ६५५३५ हे पोर्ट उघडे हवेत. एसीएलला कनेक्शनची आठवण नसते, दोन्ही दिशा लिहाव्या लागतात.

व्हीपीएन ट्रान्झिट गेटवेवर (अनेक नेटवर्क जोडणारा एडब्ल्यूएसचा राउटर) उतरत असेल तर आणखी एक. ट्रान्झिट गेटवेच्या अटॅचमेंटमध्ये प्रत्येक झोनचं एक सबनेट द्यावं लागतं. १सी मध्ये अटॅचमेंट नसेल आणि एखाद्या दिवशी प्रायमरी १सी मध्ये गेला, तर व्हीपीसीच्या आतलं सगळं चालेल आणि फक्त ग्राहक तुटेल. असा बिघाड शोधायला फार वेळ जातो. १सी सबनेट ग्रुपमध्ये घालण्याआधी अटॅचमेंट तपासा.

हे सगळं तपासायला डेटाबेस हलवायची गरज नाही. प्रत्येक नव्या सबनेटमध्ये एक छोटं ईसी२ उभं करा, त्याला डेटाबेसचाच सिक्युरिटी ग्रुप लावा, ५४३२ वर काहीतरी ऐकत ठेवा आणि ग्राहकाला त्यांच्या बाजूने पोर्ट लागतोय का बघायला सांगा. तिन्ही ठिकाणी लागला की मगच मल्टी-एझेडला हात लावा.

आता तो फ्लॅग. ‘पब्लिकली ॲक्सेसिबल’ चालू असताना एंडपॉइंटचं नाव व्हीपीसीच्या आतून विचारलं तर खासगी आयपी मिळतो, बाहेरून विचारलं तर पब्लिक. ग्राहक व्हीपीएनवर असला तरी त्याचा डीएनएस (नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) व्हीपीसीच्या बाहेर आहे, म्हणून त्याला पब्लिक आयपी मिळतो आणि ती वाट फायरवॉलमध्ये बंद. तिथे कोणीतरी थेट आयपी का घातला असेल, हे यावरून कळतं. फ्लॅग बंद केलात की तेच नाव सगळीकडून खासगी आयपी देईल आणि ग्राहकाला नाव वापरता येईल. फ्लॅग बंद करायच्या आधी इंटरनेटवरून कोण जोडलेलं आहे ते मात्र बघून घ्या. घरून थेट डेटाबेसला लागणारे डेव्हलपर त्या क्षणी तुटतात.

इथे एक खोच आहे. बाहेरच्या डीएनएसकडून खासगी आयपीचं उत्तर आलं तर काही राउटर आणि फायरवॉल ते धोक्याचं समजून गाळून टाकतात. डीएनएस रीबाइंडिंगपासून संरक्षण म्हणून ते असतं. डीएनएसमास्कमध्ये तसा पर्याय आहे, पीएफसेन्समध्ये तो मुळातच चालू असतो. ग्राहकाकडे नाव विचारल्यावर रिकामं उत्तर आलं तर आरडीएसच्या डोमेनला तिथे अपवाद करून घ्या. ग्राहकाचा डीएनएस इंटरनेटवर जातच नसेल तर रूट ५३ रिझॉल्व्हरचा (एडब्ल्यूएसची डीएनएस सेवा) इनबाउंड एंडपॉइंट उभा करा. त्याचे आयपी तुम्ही ठरवू शकता आणि ते बदलत नाहीत. आरडीएसच्या डोमेनपुरते प्रश्न ग्राहकाने त्या आयपींकडे पाठवायचे.

विदागार_पुणे

फ्लॅगमुळे ग्राहकाला पब्लिक आयपी मिळत होता हे लक्षातच आलं नव्हतं, आता उलगडा झाला. /२५ ची एक ओळ उघडायला त्यांची नेटवर्क टीम तयार होईल असं वाटतं. पण समजा ‘एकच आयपी द्या’ यावर ते अडून बसले तर? आणि आपल्याच बाजूला आणखी कुठे आयपी लिहून ठेवलेला आहे, हे हलवण्याआधी कसं शोधायचं? सर्व्हिस बऱ्याच आहेत, काही जावा, काही पायथन.

उत्तर: जेव्हीएमकर

शोधायची पद्धत सांगतो. पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीमध्ये (पोस्टग्रेसमधली चालू कनेक्शनची यादी) क्लायंटचा आयपी दिसतो, पण तो नावाने आला की आकड्याने, हे डेटाबेसला कळत नाही. म्हणून दोन याद्या करा. पहिली यादी: दोन-तीन दिवस दर मिनिटाला पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीमधले क्लायंट आयपी आणि ॲप्लिकेशनचं नाव टिपून ठेवा. महिन्यातून एकदा चालणारी कामं असतील तर महिनाअखेर त्यात येऊ द्या. दुसरी यादी: व्हीपीसीवर रूट ५३ रिझॉल्व्हरचं क्वेरी लॉगिंग चालू करा, त्यात एंडपॉइंटचं नाव कोणत्या आयपीने विचारलं ते येतं. कॅशमधून दिलेली उत्तरं या लॉगमध्ये येत नाहीत, पण एंडपॉइंटचा टीटीएल (उत्तर कॅशमध्ये ठेवायची मुदत) फक्त ५ सेकंद असल्यामुळे दिवसभरात सगळे दिसतात. जो पहिल्या यादीत आहे आणि दुसरीत नाही, त्याच्याकडे आकडा लिहिलेला असण्याची शक्यता दाट. पूलमधली (आधीच जोडून ठेवलेली) कनेक्शन फार दिवस जिवंत राहत असतील तर सर्व्हिस एकदा रीस्टार्ट करून पुन्हा बघा. ईसी२ च्या होस्ट्स फाइलमध्ये नाव आणि आयपी जोडून ठेवलेले असतील तर तेही असेच सापडतात. ग्राहकासारखे व्हीपीएनपलीकडचे मात्र या दुसऱ्या यादीत येणार नाहीत, कारण ते तुमच्या रिझॉल्व्हरला विचारतच नाहीत.

डेटाबेसच्या आतही बघा. दुसऱ्या पोस्टग्रेसमध्ये फॉरेन सर्व्हर असेल तर पीजी-फॉरेन-सर्व्हरच्या ऑप्शन्समध्ये, सबस्क्रिप्शन असेल तर पीजी-सबस्क्रिप्शनच्या कनेक्शन माहितीत होस्ट लिहिलेला असतो. डीबीलिंक वापरणारी फंक्शन्स त्यांच्या मजकुरात शोधावी लागतात.

हे सोडून दिलं तर काय होतं? जुना १०.२०.१.३७ मोकळा झाला की त्या सबनेटमधल्या दुसऱ्या कुठल्याही मशीनला तो मिळू शकतो. मग जुना प्रोग्रॅम पासवर्ड घेऊन भलत्याच दारावर जातो. टीएलएसमध्ये ‘व्हेरिफाय-फुल’ (सर्टिफिकेटवरचं नावही तपासणं) असेल तर तो दारातच थांबतो, कारण आरडीएसच्या सर्टिफिकेटवर एंडपॉइंटचं नाव असतं, आयपी नसतो. उलट बाजूने, आकड्याने जोडणारा प्रोग्रॅम आज चालतोय म्हणजे तो नाव तपासतच नाहीये, हेही त्यातून कळतं. आणि म्हणूनच रूट ५३ मध्ये स्वतःचं सोयीचं टोपणनाव करून दिलंत तर ‘व्हेरिफाय-फुल’ वाले क्लायंट तुटतील. मूळ एंडपॉइंटच वापरा.

जावासाठी तीन गोष्टी. नेटवर्क-ॲड्रेस-कॅश-टीटीएल ही सेटिंग: सिक्युरिटी मॅनेजर लावलेल्या जुन्या सर्व्हरवर जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं यंत्र) डीएनएसकडून आलेलं उत्तर कायमचं धरून ठेवतं, नसेल तर ओपनजेडीके ३० सेकंद. ती स्पष्टपणे ५ किंवा १० लिहून टाका. दुसरी, पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये सॉकेटटाइमआउट मुळात ० असतो, म्हणजे अनंत, आणि टीसीपी कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते अधूनमधून बघणं) बंद असतं. फेलओव्हरमध्ये जुना होस्ट निरोप न देता गेला तर उत्तराची वाट बघत बसलेला थ्रेड तसाच बसून राहतो. लिनक्सचं कीपअलाइव्ह मुळात ७२०० सेकंदांनी सुरू होतं, त्याच्या भरवशावर राहू नका. सॉकेटटाइमआउट तुमच्या सर्वात लांब क्वेरीपेक्षा थोडा जास्त ठेवा. तिसरी, हिकारीचं (जावाचा कनेक्शन पूल) मॅक्सलाइफटाइम मुळात ३० मिनिटं असतं. हलवायच्या दिवशी ते ५ मिनिटांवर आणलंत तर पूल लवकर स्वच्छ होतो.

पायथनमध्ये सायकोपीजी (पायथनचा पोस्टग्रेस ड्रायव्हर) लिबपीक्यूवर (पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी) चालतं आणि प्रत्येक नव्या कनेक्शनला नाव नव्याने विचारतं. तिथे कीपअलाइव्हज-आयडल ३०, इंटर्व्हल १०, काउंट ३ एवढं दिलं की रिकामं बसलेलं मेलेलं कनेक्शन मिनिटभरात ओळखलं जातं. क्वेरी पाठवून झाली आणि तिची पोच आलीच नाही, तर कीपअलाइव्ह कामाला येत नाही. तिथे लिनक्स पुन्हा पुन्हा पाठवत सुमारे १५ मिनिटं थांबतं, म्हणून टीसीपी-यूझर-टाइमआउटही द्या. तो मिलिसेकंदात लिहायचा.

उत्तर: राउटिंगटेबल

‘एकच आयपी’ चा हट्ट असेल तर डेटाबेसच्या पुढे स्थिर पत्त्याचं काहीतरी ठेवावं लागतं. आरडीएस प्रॉक्सीचा इथे उपयोग नाही, त्यालाही तुम्ही आयपी नेमून देऊ शकत नाही.

अंतर्गत नेटवर्क लोड बॅलन्सर हा एक मार्ग. तयार करतानाच प्रत्येक सबनेटमधला खासगी आयपी स्वतः ठरवता येतो आणि तो टिकतो. अडचण मागच्या बाजूला आहे: टार्गेट म्हणून डेटाबेसचं नाव देता येत नाही, आयपीच द्यावा लागतो. म्हणून एक लॅम्बडा (एडब्ल्यूएसवर चालणारं छोटं फंक्शन) दर मिनिटाला एंडपॉइंटचं नाव विचारते, आयपी बदलला असेल तर नवा नोंदवते आणि जुना काढते. फेलओव्हर पूर्ण झाल्याची घटना, आरडीएस-इव्हेंट-००४९, इव्हेंटब्रिजमधून (घटना पुढे पाठवणारी एडब्ल्यूएसची सेवा) तिला जोडलीत तर मिनिटाचीही वाट बघावी लागत नाही. आयपी टार्गेटवर टीसीपीसाठी क्लायंटचा मूळ पत्ता मुळात जपला जात नाही. डेटाबेसला सगळी कनेक्शन लोड बॅलन्सरच्या आयपीवरून आलेली दिसतील, सिक्युरिटी ग्रुपमध्ये तेच उघडा. रिकामं कनेक्शन मुळात ३५० सेकंदांनी तुटतं, त्यामुळे ग्राहकाच्या बाजूला कीपअलाइव्ह त्याहून कमी हवं.

एकाच ग्राहकासाठी मी पीजीबाउन्सर (पोस्टग्रेसच्या पुढे बसणारा कनेक्शन पूलर) सुचवेन. छोट्या ईसी२ वर, नेमून दिलेल्या खासगी आयपीसह, सेशन मोडमध्ये. तो एंडपॉइंटचं नाव स्वतः विचारतो आणि उत्तर मुळात १५ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवत नाही, त्यामुळे लॅम्बडाचा खटाटोप वाचतो. ते मशीन पडलं तर फक्त हा ग्राहक थांबेल, तेवढं त्यांना आधीच सांगून ठेवा.

लोड बॅलन्सरच्या मार्गाने ग्राहकाला सर्टिफिकेट तपासायचं असेल तर कनेक्शन स्ट्रिंगमध्ये दोन्ही गोष्टी द्यायला सांगा: ‘होस्ट’ मध्ये आरडीएसच्या एंडपॉइंटचं नाव, ‘होस्टॲडर’ मध्ये लोड बॅलन्सरचा आयपी. लिबपीक्यू आयपीकडे जातं आणि सर्टिफिकेट नावाशी ताडून बघतं. हे लिबपीक्यूवर चालणाऱ्या क्लायंटपुरतं आहे. त्यांचं रिपोर्टिंग जावावर असेल तर जेडीबीसी ड्रायव्हरला हा पर्याय नाही, तिथे त्यांच्या होस्ट्स फाइलमध्ये एंडपॉइंटच्या नावापुढे लोड बॅलन्सरचा आयपी लिहावा लागेल.

विदागार_पुणे

त्यांचं रिपोर्टिंग जावावर आहे, म्हणजे आधी /२५ आणि नाव यासाठीच आग्रह धरतो, नाहीतर पीजीबाउन्सर. क्वेरी लॉगिंग आज चालू करतो. महिनाअखेरची कामं होऊ देतो, मग नव्या सबनेटमधल्या ईसी२ वरून ग्राहकाच्या बाजूची पोर्टची चाचणी, आणि ती तिन्ही झोनमध्ये लागली तरच पहिली पायरी. फ्लॅग फेलओव्हरच्या आधी बंद करायचा की नंतर?

उत्तर: डीबीए_ठाणे

आधी, आणि वेगळ्या दिवशी. फ्लॅग बंद करायला रीबूट लागत नाही आणि काही बिघडलं तर परत चालू करता येतो. त्या दिवशी ग्राहकाला नावावर आणून ठेवा, आयपी अजून १०.२०.१.३७ च असेल. त्यांच्या फायरवॉलमध्ये जुना आयपी आणि नवा /२५ दोन्ही उघडे राहू देत. नावावरून रिपोर्ट दोन-तीन दिवस नीट चालले की मल्टी-एझेड बंद करायला घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदललेली असली की तुटलं कशामुळे हे लगेच कळतं. जुन्या आयपीचा नियम शेवटच्या पायरीनंतर काढायला सांगा, आणि त्याच दिवशी डेटाबेसच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये इंटरनेटला उघडलेली ५४३२ ची ओळ राहिली असेल तर तीही काढा. फ्लॅग बंद झाला तरी ती ओळ आपोआप जात नाही आणि पुढच्या ऑडिटमध्ये पुन्हा तोच शेरा येईल.